नोवोटनिकची शेवटची शिफ्ट

एवाल्ड नोवोटनिकला कलाकार ओळखायला पाच मिनिटं पुरत. माणूस दारातून आत आला की तो आधी छताकडे बघतो, मग "वा, काय जागा आहे" म्हणतो आणि मग प्लगपॉइंट कुठे आहे ते विचारतो, म्हणजे तो कलाकार. आल्या आल्या प्लगपॉइंट शोधतो तो इलेक्ट्रिशियन. एवाल्डच्या मते जगात या दोनच जाती होत्या, आणि पहिलीचा भार दुसरीने वाहायचा हा नियम देवाने नव्हे, हेर्नेच्या नगरपालिकेने केला होता.

जर्मनीच्या कोळसापट्ट्यातल्या हेर्नेच्या उत्तर टोकाला आमची खाण होती. ती बंद झाल्यावर सगळं पाडलं, फक्त अंघोळीची इमारत राहिली. हजारभर माणसं तिथे कपडे काढून आकड्याला अडकवायची, साखळीने छतापर्यंत वर ओढून ठेवायची आणि खाली कोळशात जायची. शिफ्ट संपली की काळीठिक्कर वर येऊन एकमेकांच्या पाठी घासायची. माणसं गेली, साखळ्या छताला लोंबत राहिल्या. त्या साखळ्या बघून कुणा मोठ्या शहरातल्या पाहुण्याला गहिवरून आलं आणि झालं. वर्षभरात भिंतींना पांढरा रंग लागला, पुढे काचेचं दार लागलं, कोपऱ्यात कॉफीचं दुकान निघालं आणि वर 'संगणकीय कलेचं घर' अशी पाटी चढली. ज्यांनी तिथे तीस-तीस वर्षं अंघोळ केली त्यांना आता आत जायला तिकीट पडू लागलं.

खाणीतला एकच माणूस तिथे परत घेतला गेला, तो एवाल्ड. बावीस वर्षं तो जमिनीखाली हजार मीटरवर इलेक्ट्रिशियन होता. भिंतीतल्या तारा कुठून कुठे जातात हे कुठल्याच नकाशात नव्हतं, फक्त त्याच्या डोक्यात होतं, म्हणून त्याला घेतलं. हुद्दा तांत्रिक सहायक. राहायला वसाहतीतल्या त्याच घरात, जिथे तो जन्मला. लग्न केलं नाही. मागे परसात घेवडा आणि बटाटे लावायचा, डब्यात लोणी लावलेला पाव आणि काकडी न्यायचा आणि बॉयलरच्या खोलीत बसून खायचा. कॉफीच्या दुकानात त्याने पंचवीस वर्षांत पाऊल टाकलं नाही. तिथल्या माणसांचा त्याला राग नव्हता, कॉफीवर दुधाचं पान काढण्याचा होता.

त्या घरात जे जे यायचं त्याचा विषय एकच असायचा: सगळं नश्वर आहे. डेन्मार्कहून एक बाई आली होती. तिने बर्फाच्या लादीत चालू संगणक गोठवला. बर्फ वितळेल, पाणी आत शिरेल, संगणक मरेल आणि मरता मरता त्याने मोजलेला शेवटचा आकडा पडद्यावर राहील. लोक त्या आकड्यासमोर हात मागे बांधून उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला नवी लादी, नवा संगणक. अठरा आठवडे एवाल्डने फ्रीझरमधून नश्वरता काढून मांडली. दुसरा एक आला, त्याचा पडदा हळूहळू बिघडत जाणार होता. उद्घाटनाच्या दोन दिवस आधीच तो बिघडला, तेव्हा त्याने आकांडतांडव केलं. "हा आत्ताच बिघडायचा नव्हता," असं तो एवाल्डला तीन वेळा म्हणाला. एवाल्डने नवा पडदा लावला आणि त्याच्याच सांगण्यावरून स्क्रूड्रायव्हरने थोडासा बिघडवून दिला.

एवाल्डचा हिशोब साधा होता. जे टिकतं त्याला महिन्यातून एकदा तेल घातलं की भागतं. जे टिकणार नाही असं कुणीतरी ठरवलंय, त्याच्यामागे रोज हातात पक्कड घेऊन धावावं लागतं. आम्ही वसाहतीतले लोक त्याला शनिवारी वर्तमानपत्रांच्या टपरीवर गाठायचो आणि विचारायचो, "काय एवाल्ड, या आठवड्यात काय मेलं?" तो बिअरची बाटली उघडायचा आणि सांगायचा. इतकं छान सांगायचा की आम्हाला तिकीट काढायची गरजच पडली नाही. त्याच्या तुच्छतेवर आम्ही पोट धरून हसलोय. माणसाचं तारुण्य जातं, गुडघे जातात. एवाल्डची तुच्छता मात्र वयाबरोबर मुरत गेली.

मग लिआंडर आला. चाळिशीचा, बर्लिनचा, नखशिखांत काळ्या कपड्यांतला. छताकडे त्याने इतका वेळ पाहिलं की एवाल्डला वाटलं, मान अडकली.

"ग्ल्युक आउफ," लिआंडर म्हणाला. आमच्याकडे खाणीत उतरताना एकमेकांना असं म्हणायचे. वर सुखरूप ये, असा त्याचा अर्थ. लिआंडर रेल्वे स्टेशनवरून टॅक्सीने आला होता. "मी लिआंडर. आपण अरे-तुरेच करू या ना, एवाल्ड? तुझ्या खाणीत तीच पद्धत होती ना?"

"होती," एवाल्ड म्हणाला. "तुम्ही कुठल्या खाणीत होता?"

लिआंडर हसला. अशा माणसांना वाटतं की गरिबांनी केलेला अपमान हाही एक पाहुणचारच असतो.

त्याची कल्पना अशी होती. वसाहतीतल्या माणसांनी एका बंद पेटीत बसायचं आणि आयुष्यात कुणाला सांगितलं नाही ते सांगायचं. ते सगळे आवाज एका यंत्राला शिकवायचे. यंत्र त्या सगळ्यांचा मिळून एकच आवाज तयार करणार, आणि तो आवाज त्या अंघोळीच्या इमारतीत साखळ्यांना टांगलेल्या स्पीकरच्या बारा काळ्या कपाटांमधून पुटपुटणार. दर महिन्याला एक कपाट बंद, म्हणजे लिआंडरच्या भाषेत एक 'लेयर' कमी. यंत्र थोडं थोडं विसरत जाणार, आणि वर्षाच्या शेवटी शांतता. मूळ आवाजसुद्धा पुसून टाकायचे. कामाचं नाव 'विस्मरण'.

"आणि हे का करायचं?" एवाल्डने विचारलं.

"का म्हणजे? सगळं जाणारच आहे, एवाल्ड. मी फक्त ते मोजतोय."

लिआंडर वसाहतीत दारोदार फिरला. एकाही घराने दार उघडलं नाही. एका घराने उघडलं, पण ते कुत्रा बाहेर सोडायला. तेव्हा कलाघराच्या संचालिका, डॉक्टर लुटरबेकबाई, स्वतः बॉयलरच्या खोलीत आल्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच आल्या, दार कुठे उघडतं ते त्यांना माहीत नव्हतं.

"श्रीयुत नोवोटनिक, तुमच्याशिवाय हे होणार नाही. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे."

आता खरं सांगायचं तर इथेच एवाल्ड घसरला. पंचवीस वर्षं ज्यांच्यावर तो थुंकत आला त्यांच्यापैकी एकीने त्याला म्हटलं की तुमच्याशिवाय होणार नाही, आणि गडी विरघळला. तुच्छतेचं असंच असतं. तिला कुणी पहिल्यांदा खुर्ची पुढे केली की ती लगेच बसते.

तरी त्याने आधी कागद मागितला. बाईंच्या कचेरीने नियमावली काढली होती, लिआंडरची सही होती. त्यात नववं कलम होतं: शेवटच्या शिख्टनंतर सर्व मूळ ध्वनिमुद्रणं कायमची नष्ट करण्यात यावीत; जबाबदारी तांत्रिक सहायकाची. शिख्ट म्हणजे शिफ्ट. आमच्या भागात हा शब्द मूल 'आई'नंतर शिकतं. काम संपलं, लग्न मोडलं, माणूस गेला, तरी आम्ही 'शिख्ट झाली' असंच म्हणतो. आणि त्या इमारतीत शिफ्ट असलेला माणूस एकच होता. बाकीचे नुसते 'असायचे'. एवाल्ड तीस सप्टेंबरला निवृत्त होणार होता. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. त्याच्या शेवटच्या शिफ्टला तो सगळं पुसणार, लेखी होतं. स्वतःच्या निरोपाला इतकं नेमकं काम कुणी नेमून दिल्याचं त्याला मनातून बरंही वाटलं.

मग तो घरोघर गेला आणि लोक तयार झाले. अवघड गेली ती ट्राउडल मावशी.

ट्राउडल याब्लोन्का चौऱ्याऐंशी वर्षांची. तिचा नवरा कॉनराड खाणीत मुकादम होता. एका साली सातव्या बोगद्याचं छत बसलं, त्या दिवशीच्या हिमतीसाठी कॉनराडचं नाव आमच्याकडे आजही टोपी काढून घेतात. त्याला जाऊन वीस वर्षं झाली. मावशी कुणाकडे जात नाही, पण कुणी आलं तर खायला घातल्याशिवाय सोडत नाही. एवाल्ड गेला तेव्हा ती बटाटे सोलत होती.

"त्या पेटीत बोललेलं ऐकणार कोण?"

"कुणी नाही, मावशी. यंत्र शिकणार. तीनशे आवाज एकत्र दळले की कुणाचं काय ते देवालाही कळायचं नाही."

"आणि मूळ?"

"मूळ पुसायचं."

"कधी?"

"तीस सप्टेंबरला. माझी शेवटची शिफ्ट. लिहून दिलंय त्यांनी."

"त्यांनी लिहिलेलं मला सांगू नकोस. पुसणार कोण?"

"मी."

तिने सुरी खाली ठेवली, हात धुतला, ॲप्रनला कोरडा केला आणि पुढे केला. एवाल्डने तो हातात घेतला. आमच्याकडे यानंतर कागद लागत नाही. दुसऱ्या दिवशी ती पेटीत गेली आणि चाळीस मिनिटं बाहेर आली नाही. बाहेर आल्यावर डोक्याचा रुमाल नीट बांधून एवढंच म्हणाली, "तुमच्या त्या पेटीत हवा नाही."

जानेवारीत 'विस्मरण' उघडलं. कौतुकाचा पूर आला. कुणी डोळे मिटून उभं राहिलं, कुणी जमिनीवर बसलं, एक बाई आडवी झाली आणि तिला उठवायला एवाल्डला बोलवावं लागलं. तो टपरीवर येऊन सगळं सांगायचा, आम्ही हसायचो. पण एक गोष्ट त्याने आम्हाला सांगितली नाही, मला फार पुढे कळली. चौथं कपाट बंद झाल्यावर तो आवाज असा काही झाला की शब्द लागेनात, नुसती पुरुषांची गडबड, पाण्यातून आल्यासारखी. एवाल्ड शिडीवर होता. त्याला वाटलं, खाणीतले लोक वर आलेत आणि अंघोळ करताहेत. तो शिडीवर तसाच थांबून राहिला. मग खाली उतरला आणि स्वतःचा त्याला भयंकर राग आला.

मे महिन्यात लुटरबेकबाईंनी त्याला वर बोलावलं. लिआंडरही तिथे होता, खिडकीत, चहात काहीतरी गवत बुडवत.

"एक छोटा बदल आहे," बाई म्हणाल्या. "लेयर कमी होतात तसा आवाज फारच अंधूक होतोय. लोकांच्या तक्रारी आहेत. तेव्हा दर सोमवारी, आपण बंद असतो तेव्हा, तुम्ही सगळं मूळ पुन्हा भरायचं. मंगळवारी यंत्राला सगळं आठवेल, रविवारपर्यंत थोडं विसरेल."

"आणि भिंतीवर लिहिलंय की डिसेंबरमध्ये कायमचं शांत होणार, त्याचं काय?"

"ते राहू दे. ते कामाचा भाग आहे."

"पुसायचं कधी मग?"

बाईंनी लिआंडरकडे पाहिलं. लिआंडरने चहाकडे पाहिलं. मग कळलं की एका परदेशी संग्राहकाने 'विस्मरण' मूळ आवाजांसकट मागितलंय. जगात एकच प्रत असली पाहिजे ही त्याची अट. ती प्रत तळघरातल्या कपाटात होती, लिआंडरने स्वतःकडची कधीच पुसून टाकली होती, कारण एकुलत्या एक वस्तूचं मोल त्याला चांगलं कळत होतं. हिवाळ्यात ती खोक्यात बंद होऊन जाणार आणि मग गावोगाव कायमची विसरत राहणार.

"लोकांना शब्द दिलाय," एवाल्ड म्हणाला.

"एवाल्ड," लिआंडर म्हणाला, "तात्पुरतेपणा ही संकल्पना आहे. संकल्पना टिकवावी लागते."

"नवव्या कलमात आहे. शेवटच्या शिख्टनंतर. तीस सप्टेंबर."

दोघांनाही काही कळलं नाही. मग बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्या हसल्या. चांगल्या घरातल्या माणसांना हसताना आपण दुखावतोय हे कळत नाही, म्हणून त्या पुष्कळ वेळ हसल्या.

गोष्ट अशी होती. आमच्या भाषेत शिख्ट म्हणजे शिफ्ट, आणि शिख्ट म्हणजेच थर. केकचा थर, रंगाचा थर, दगडाचा थर. आणि त्या यंत्राच्या पोटात गणितं एकावर एक रचलेली असतात, तेही थर. लिआंडर तोंडाने नेहमी 'लेयर' म्हणायचा, पण सरकारी कागदावर तसं कसं लिहिणार, म्हणून कचेरीतल्या कुणीतरी शुद्ध भाषेत 'शिख्ट' केलं होतं. शेवटचा थर गेल्यानंतर पुसावं. आणि थर आता कधीच जायचे नव्हते.

"तुम्हाला वाटलं तुमची शिफ्ट," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "किती गोड."

साठी उलटलेल्या माणसाला गोड म्हणू नये. एवाल्ड खाली आला आणि पुढच्या सोमवारी तळघरातलं कपाट उघडून त्याने मूळ आवाज भरले. होय, भरले. इथे त्याची बाजू घ्यायचं मला कारण नाही. निवृत्तीला चार महिने होते, भांडण नको होतं. सतरा सोमवार त्याने तोंड मिटून ते काम केलं. टपरीवर येणं कमी केलं. आम्ही विचारलं, "काय मेलं या आठवड्यात?" तर म्हणायचा, "काही नाही." आणि ते खरंच होतं.

भरल्यावर तपासायचं असे. तीनशे बारा आवाजांपैकी कुठलाही एक कानाला लावून नीट आलाय ना बघायचं. एवाल्ड पहिलाच लावायचा. तो एका कबुतरवाल्याचा होता आणि अकरा मिनिटं स्वतःच्या गुडघ्याबद्दल होता. त्यातलं अर्धं मिनिट ऐकलं की काम भागायचं. आठव्या सोमवारी त्याने यादी खाली सरकवली आणि दोनशे सातवर थांबला. याब्लोन्का, वाल्ट्राउड, म्हणजे आमची ट्राउडल मावशी. त्याने हेडफोन काढले, परत घातले. अर्धं मिनिट ऐकलं. आवाज नीट होता. तपासणी झाली होती. तो चाळीस मिनिटं बसून राहिला.

तिने काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. कॉनराडबद्दल होतं आणि सातव्या बोगद्याच्या दिवसाबद्दल होतं, एवढं पुरे. त्यापुढचं ऐकायची खाज ज्याला असेल त्याने त्या संग्राहकाच्या शेजारी जाऊन बसावं, दोघांचं चांगलं जमेल.

ऑगस्टमध्ये पावाच्या दुकानात मावशी त्याच्या समोर आली. "आता महिनाच राहिला ना, एवाल्ड?" तिने विचारलं. तो "हो" म्हणाला आणि पाव न घेताच बाहेर पडला. त्या दिवसापासून वसाहतीतून जाताना तो मागच्या गल्लीने जायला लागला. ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्या जगाकडे नाकावरून पाहिलं, तो चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला चुकवत कचऱ्याच्या डब्यांमागून घरी जात होता.

तीस सप्टेंबर शुक्रवारी आला. तीन वाजता निरोपाचा कार्यक्रम होता, फसफसती वाइन आणि लहान लहान पावाचे तुकडे. एवाल्ड सकाळी सहाला आला, नेहमीसारखा. फ्यूज तपासले, नळ तपासले, डबा खाल्ला. मग खिशातला कागद काढून नववं कलम वाचलं. शेवटच्या शिख्टनंतर. त्याची शिफ्ट दुपारी दोनला संपत होती. दोन वाजून पाच मिनिटांनी तो तळघरात गेला, डिस्क बाहेर काढली, शिकंज्यात धरली आणि ड्रिलने तिला सात भोकं पाडली. मग वर येऊन यंत्राची साठवण पुसली, एकदा नव्हे तीनदा. नोंदवहीत लिहिलं: कलम नऊ पूर्ण, १४.४०, नोवोटनिक. आयुष्यात इतकं सरळ अक्षर त्याने कधी काढलं नव्हतं.

तीनला बाईंनी ग्लास उचलला, "श्रीयुत नोवोटनिक म्हणजे या घराचा..." म्हणाल्या आणि थबकल्या. घराचा काय ते कुणालाच कळलं नाही. लिआंडर छताकडे बघत होता. बाराच्या बारा कपाटं नुसती लोंबत होती.

"बंद का आहे?" त्याने विचारलं.

"शिख्ट झाली," एवाल्ड म्हणाला.

"चालू कर मग."

"कशावर चालवणार? पुसलं सगळं. खालचंसुद्धा. नववं कलम, तुमचीच सही आहे."

"तिथे शिख्ट म्हणजे लेयर." लिआंडरचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुला मे महिन्यात सांगितलं होतं. तुला माहीत होतं."

"मला बाईंनी गोड म्हटलेलं आठवतं. बाकी काही लेखी आलं नाही." एवाल्डने पावाचा एक तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला. "या इमारतीत नव्वद वर्षं शिख्ट म्हणजे शिफ्टच. तुम्हाला थर हवा होता तर केकवाल्याकडे जायचं. आणि दुःख कसलं करता, साहेब? सगळं जाणारच होतं. तुम्ही फक्त मोजत होता."

लिआंडर रडला. मी ऐकलंय की खरोखर रडला, वाइनचा ग्लास हातात धरून. नश्वरतेवर बारा वर्षं व्याख्यानं देणाऱ्या माणसाला ती पहिल्यांदाच भेटली होती आणि दोघांचं जमलं नाही. पुढे वकिलांनी कागद पाहिला, भिंतीवरचा मजकूर पाहिला, आणि बाईंना सांगितलं की हे प्रकरण जितकं गाजेल तितकं आपलं हसं होईल. संग्राहकाने दुसरं काहीतरी घेतलं. कपाटं उतरवली. एवाल्डला त्याचं निरोपाचं घड्याळ पोस्टाने आलं.

शनिवारी सकाळी तो कितीतरी दिवसांनी पुढच्या रस्त्याने गेला. आम्ही टपरीवरून हाक मारली, "काय मेलं?" तो म्हणाला, "थांबा, परत येऊन सांगतो." नवा शर्ट घातला होता, दाढी केली होती. ट्राउडल मावशीच्या दाराशी त्याने घंटी दोनदा वाजवली.

स्वयंपाकघरात प्लमचा केक नुकताच भट्टीतून निघाला होता. तिने त्याला बसवलं, कॉफी ओतली.

"झालं?"

"झालं."

"सगळं?"

"सगळं. भोकं पाडली त्याला. आता कुणाच्या बापाला सापडायचं नाही."

ती खुर्चीत मागे टेकली. आत कुठेतरी आवळून धरलेलं काहीतरी सुटावं तसे तिचे खांदे खाली आले. एवाल्डने ते पाहिलं. त्याला वाटलं, पंचवीस वर्षांत आपण केलेलं हे एकच खरं काम. ज्याने आयुष्यात कधी कुणाचं सांत्वन केलं नव्हतं त्याला ते करायची हुक्की आली.

"आणि मावशी, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. त्या दिवशी कॉनराडकाकांच्या जागी मी असतो ना, तर मीही तेच केलं असतं."

मावशी केक कापत होती. सुरी अर्ध्यात थांबली. तिने ती बाहेर काढली नाही.

"तेच म्हणजे काय?" तिने विचारलं.

एवाल्डने कॉफीचा कप बशीत ठेवला.

"तपासावं लागायचं," तो म्हणाला. "नीट आलंय का ते. नियम होता."

"किती जण होते त्यात?"

"तीनशे बारा."

"आणि तपासायला मी सापडले."

लिआंडरला द्यायला त्याच्याजवळ उत्तरं होती, बाईंना द्यायला होती. इथे खिशात एकही कागद नव्हता. ज्या कलावाल्यांवर तो हसत आला त्यांनी मिळून यंत्रात जे ठेवलं, ते त्याने एकट्याने डोक्यात भरून इथे आणलं होतं, आणि वर केक खायला बसला होता.

मावशीने केकचा मोठा तुकडा कापला, कागदात गुंडाळला आणि त्याच्यासमोर ठेवला. आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायची तिची रीत नव्हती.

"त्या यंत्राला तरी भोकं पाडता आली," ती म्हणाली. "तू किती वर्षांचा, एवाल्ड?"

"त्रेसष्ट."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, बाजारात कोबी बघतात तसं.

"लवकर म्हातारा हो," ती म्हणाली. "विसरायला लागलास की मला कळव. मला फार दिवस थांबता येणार नाही."